उघाडीतलं दुखणं

दुसरा मजला चढून झाला आणि तिसऱ्याच्या चौथ्या पायरीवर माझा डावा गुडघा अडला. एका हातात चौथीच्या उत्तरपत्रिकांची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, लिफ्ट चार दिवस बंद आणि एप्रिलमधले दुपारचे तीन. आधी तो नुसता अडला, मग आतून एक कळ निघाली आणि पोटरीपर्यंत गेली. मी कठडा धरून उभी राहिले. वरच्या मजल्यावरची राजनंदिनी स्कूटरची किल्ली फिरवत खाली येत होती, ती म्हणाली, मॅडम, व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून गेली. जिन्याच्या जाळीतून मी आभाळ बघितलं. कोरं होतं. औषधाच्या शिशीवरच्या चिठ्ठीएवढासुद्धा ढग नव्हता. आणि मला पहिला विचार आला तो असा, की हिरडा उचलायला हवा. पुण्याच्या धायरीत, जिथे वाळत घातलेलं म्हणजे शेजाऱ्यांचे टॉवेल, तिथे मला हिरडा आठवला. मी बावन्न वर्षांची, महापालिकेच्या शाळेत तेवीस वर्षं मुलांना बाष्पीभवन शिकवणारी बाई. विचार आला आणि त्याच्या मागोमाग एक गुदगुल्या झाल्यासारखा आनंद आला, याची मला आता लाज वाटते. दुखतंय आणि मी हसतेय. कारण मला वाटलं, आईचा गुडघा माझ्याकडे आला.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वर, खिंड चढून गेलं की कातळावर. धनगरांची सात घरं, म्हशी, शेरडं, आणि मागच्या रानात हिरड्याची झाडं. चैत्र-वैशाखात कोवळा हिरडा झोडायचा, कातळावर पसरायचा, आठदहा दिवस ऊन द्यायचं. काळा पडून हातात खुळखुळायला लागला की पोती बांधून खाली न्यायचा, नसरापूरला एसटी बदलून भोरच्या व्यापाऱ्याकडे. पावसाळ्याची मीठमिरची, आजीचं लुगडं, माझ्या वह्या, सगळं त्या हिरड्यात. आणि नेमका त्याच दिवसांत वळीव. एकदा भिजलेल्या हिरड्याला बुरशी धरते, मग त्याला कुणी हात लावत नाही. त्या दिवसांत आमची बोटं नखांपर्यंत काळी असायची, शाळेत गुरुजी हात पुढे करा म्हणाले की मी मागे लपवायची. वाळता हिरडा उन्हात तापला की त्याचा एक तुरट, उबदार वास येतो. अजूनही कुठे काढ्याचं दुकान लागलं की मी पाय रेंगाळवते. दुपारी आम्ही पोरं कोवळा हिरडा चावायचो, तोंड पार आवळून यायचं, आणि मग वर झऱ्याचं पाणी प्यायचो, कारण हिरड्यावर पाणी प्यालं की ते गोड लागतं. ती गोडी पाण्याची की हिरड्याची, यावर मी आणि माझा भाऊ संपत भांडायचो.

आईचं नाव धोंडाबाई. मी तीन वर्षांची असताना दुधाची किटली डोक्यावर घेऊन खिंड उतरताना तिचा पाय ओल्या दगडावरून सरकला. किटली तिने वाचवली, डावा गुडघा वाचला नाही. तिची सासू, म्हणजे माझी आजी सगुणाबाई, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. कौतुक किटलीचं. पुढे दोन वर्षांनी हिरड्याच्या दिवसांत भर उन्हात आई म्हणाली, गुडगा लई ठणकतोय, पानी येनार. बाकीचे हसले, वडिलांनी मात्र लाजत लाजत आमचा तेवढा हिरडा गोळा केला. दिवस मावळायला वळीव आला आणि सहा घरांचा हिरडा भिजला. तेव्हापासून रीतच पडली. सकाळी वडिलांचे थोरले भाऊ गेनबातात्या आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहायचे, खांद्यावर घोंगडी, तोंड रानाकडे. धाकट्या भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती. मग ते माझ्या वडिलांना विचारायचे, “चिमाजी, गुडगा काय म्हनतोय?” वडील आत वळून आईला विचारायचे. आई दाराआडून, पदर पुढे ओढून, म्हणायची, गप हाय. किंवा म्हणायची, ठणकतोय. ती ठणकतोय म्हणाली की सात घरांतली माणसं पाट्या घेऊन कातळाकडे पळत सुटायची, आजीसुद्धा. भावजयीशी बोलणं वर्ज्य, तिच्या गुडघ्याशी बोलायला हरकत नव्हती. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. मला फक्त अभिमान वाटायचा. वेल्ह्याच्या वसतिगृहात बाकीच्या मुली बापाची बुलेट नाहीतर मामाचा टेम्पो सांगायच्या, मी आईचा गुडघा सांगायची.

दिवेलागणीला मी तिच्या गुडघ्याला करंजाचं तेल चोळायची. ती चुलीपाशी पाय लांब करून बसायची, एकीकडे भाकरी थापायची. गुडघा सुजून गोल झालेला, कातडी ताणलेली, हाताला गरम लागायची. जरा खाली, ती म्हणायची, व्हय, तितंच. मी विचारलं होतं, आई, पाऊस आत कुठं असतो गं? हाडात, ती म्हणाली. मी कान लावला. पाय हलवला की आत करकर व्हायची. ते ढग घासतायत असं मी ठरवून टाकलं आणि कितीतरी दिवस रोज कान लावून ऐकलं. बाहेर टिपूर चांदणं असलं तरी ऐकलं. आत करकर असायचीच. तेव्हा मला एवढी साधी गोष्ट सुचायला हवी होती, पण लाडक्या गोष्टीत माणूस शंका काढत नाही.

दीड वर्षापूर्वी मी तिचा गुडघा बदलून घेतला. मी घेतला, असंच म्हणते, कारण बाकी कुणाला तो बदलायचा नव्हता. आई खिंड उतरायची बंद झाली होती, मग रानात जायची बंद झाली, शेवटी परसाकडे जाताना संपतच्या बायकोचा, स्वप्नालीचा खांदा धरायला लागली. मी संपतशी भांडले, नवऱ्याला सांगून गाडी केली आणि तिला पुण्याला आणलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. दोन हाडांमधली जागा संपली होती, हाडावर हाड टेकलं होतं. ते म्हणाले, ह्या आजी इतकी वर्षं चालत कशा होत्या? मला तिथेच रडू आलं. ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी आईने त्यांना विचारलं, “ह्या गुडग्याला पावसाचं कळंल का वो?” डॉक्टर भला माणूस, हसले पण टर उडवली नाही. म्हणाले, आभाळ भरून आलं की हवेचा दाब उतरतो, सांध्याला ते जाणवतं असं पुष्कळ पेशंट सांगतात, काही अभ्यासांत तसं दिसतं, काहींत काहीच दिसत नाही, आम्हालाही पक्कं माहीत नाही. पण आजी, हा धातूचा आहे, ह्याला काही कळायचं नाही. आई वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दुखणं थांबल्याचा हा निवांतपणा आहे.

ती चालायला लागली. दोन महिन्यांत खिंड उतरून वेल्ह्याच्या बाजाराला आली तेव्हा लोक बघायला थांबले. मी शाळेत सगळ्यांना पेढे दिले. आणि गेल्या वर्षी मे महिन्यात सगळ्या वस्तीचा हिरडा भिजला. संपतने फोनवर सांगितलं, मोबाईलवर तर ऊन दाखवत होतं, आणि आई काही बोललीच नाही. म्हणाला, “गुडगा मुका झाला, आक्का. तुजा काय दोष न्हाई त्यात.” स्वप्नालीनेही सांगितलं, दोष नाही. गेनबातात्यांनीही निरोप पाठवला, पोरीचा दोष नाही. तीन माणसांनी दोष नाही असं सांगितलं की काय समजायचं ते माणूस समजतो. त्यानंतर तात्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले नाहीत. उभं राहून विचारणार काय? दिवाळीत गेले तेव्हा बघितलं, आई सगळी कामं करत होती, ताठ चालत होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. संपत तिच्या डोक्यावरून शेजाऱ्याशी पावसापाण्याचं बोलत होता. मी तिला पाय दिले आणि तिची जागा काढून घेतली, हे मला तेव्हा नीट कळलं. कुणाला बोलता येईना. चांगलं करून वाईट केलं, हे सांगायचं तरी कसं? वर्षभर तिचा फोन आला की मी इकडचं तिकडचं विचारायची आणि ती म्हणायची, बरं हाय.

आता घरात येऊन मी पलंगावर पाय पसरला, शेकायची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि मोबाईलवर हवामान बघितलं. पुणे, निरभ्र. भोर, निरभ्र. वेल्हे, निरभ्र. मला बरं वाटलं. म्हणजे ह्या सगळ्यांना माहीत नाही आणि मला माहीत आहे. मी बोटाने गुडघा दाबून बघत होते, दुखतोय ना, थांबला तर नाही ना. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, इथे तर वाणही होता. चार वाजले तसा आईचा फोन आला. वस्तीवर रेंज नाही. वरच्या कातळाच्या टोकाला उभं राहिलं तरच फोन लागतो आणि तिथवर चढायला अर्धा तास लागतो. जुन्या गुडघ्याने ती तिथे कधी गेली नसती. नव्या गुडघ्याने ती रोज चार वाजता तिथे जाते, मला फोन करते आणि बरं हाय म्हणते. खालच्या अंगाला हिरडा पसरायचा मोठा कातळ आहे, त्यामुळे ह्या दिवसांत फोनमध्ये माणसांचे आवाजही येतात.

आईशी बोलायला लागले की माझी जीभ आपोआप खिंड चढते. मी म्हणाले, आई, माजा डावा गुडगा धरलाय. आभाळात काय न्हाई, आन दुकतोय. तुजा गुडगा माज्याकडं आला, आई. तिकडे वारा ऐकू येत होता. मग तिने विचारलं, कवापासनं? मी म्हणाले, तीन वाजल्यापासनं.

“जिना चढलीस आसंल.”

“व्हय.”

“मग जिन्यानं दुकतोय, बाय. गुडग्याला काय कळतंय पावसाचं?”

मी पिशवी बाजूला केली. ती बोलत राहिली, सावकाश, जसं काही मीठ कुठल्या मडक्यात आहे ते सांगावं. तिला पाऊस कळायचा तो खालच्या घाटातल्या एसटीवरून. एरवी वस्तीवर एसटीचा आवाज येत नाही. पण वारा फिरला, हवा जड झाली की वळणावरचा तिचा हॉर्न अगदी अंगणात वाजल्यासारखा ऐकू येतो, मग एकदोन दिवसांत पाणी. शिवाय मीठ ओलसर लागतं, चुलीचा धूर वर न जाता आढ्याखाली लोळतो. माहेरी तिच्या आजीने शिकवलेलं. लग्न झालं त्या पहिल्या चैत्रात तिने साधेपणाने सांगून बघितलं होतं, पानी येतंय, हिरडा उचला. तिची सासू म्हणाली होती, तुला गं काय कळतंय, आली शानी. हिरडा भिजला आणि वर तिलाच बोलणी बसली, की हिच्या काळ्या तोंडाने पाऊस आला. पुढे गुडघा मोडला. मग एक दिवस एसटी ऐकू आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, गुडगा ठणकतोय, पानी येनार. ते मात्र लोकांनी ऐकून घेतलं. सुनेचं ऐकायला नको होतं. दुखण्याचं ऐकायला कुणाचं काही जात नव्हतं.

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच काढला. म्हणाले, म्हंजी गुडगा दुकायचाच न्हाई? मी येवडं तेल चोळलं ते?

“दुकायचा की,” आई म्हणाली. “रोजच दुकायचा. पर रोज कोन इचारतंय?”

मला ती करकर ऐकू आली, चांदण्यातली, उघाडीतली, रोजची. मी कान लावून ढग ऐकत होते आणि माझ्या कानाखाली माझी आई दुखत होती. मी विचारलं, मग गेल्या साली कळलं होतं तुला? कळलं हुतं, ती म्हणाली, दोन दिस एसटी ऐकू येत हुती. मग बोलली का नाहीस?

“काय म्हनून बोलू? गुडगा तर तुमी काडून टाकला.”

तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच ते माझ्या जिवाला लागलं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली की आजही एसटी ऐकू आली आहे, सकाळपासून दोनदा. सात घरांचा हिरडा खाली पसरलेला आहे, चार दिवसांचं ऊन खाल्लेला. संपत सगळ्यांना मोबाईल दाखवून ऊन आहे म्हणून सांगतोय. गेलं सालही गेलं, आता हेही गेलं तर पोरं रान सोडून हायवेवर कामथडीच्या हॉटेलात भांडी घासायला जातील. मग सांग की त्याला, मी म्हणाले. ती म्हणाली, तू सांग. मी म्हणाले, मी त्याला खरं सांगते, आईला एसटीवरनं कळतं म्हणून सांगते. ती म्हणाली, सांग की, पर त्याला पटंस्तवर पानी यील. तुजा गुडगा दुकतोय ना आत्ता? मग मला सांगितलंस तेवडंच त्याला सांग. आणि माझं ऐकायच्या आत तिने कातळाच्या टोकावरून हाक मारली, संपा, वर ये, आक्काचा फोन हाय.

तो धापा टाकत आला. तेवीस वर्षं मी मुलांना कारण सांगा म्हणते, कारणाशिवायच्या उत्तराला अर्धा गुण कापते. मग मी म्हणाले, “संपत, माजा डावा गुडगा ठणकतोय. दुपारपासनं.” त्याने विचारलं, आईवानी? मी म्हणाले, आईवानी. त्याने फोन बंद केला नाही, तसाच आईच्या हातात दिला असावा, कारण त्याची आरोळी मला ऐकू आली, मग पाट्यांचा आवाज, हिरडा पोत्यात पडतोय तो आवाज, आणि खालून कुणाचा तरी म्हातारा, घोगरा आवाज, “कुनाचा गुडगा?” तात्या होते. संपत म्हणाला, मंगलआक्काचा. तात्या म्हणाले, मग बघता काय, उचला. माझ्या उभ्या आयुष्यात माझं म्हणणं इतक्या लवकर कुणी ऐकलेलं नाही. मुख्याध्यापकांनी नाही, नवऱ्याने नाही, चौथीच्या वर्गाने तर नाहीच.

पावणेसहाला धायरीवर आभाळ मातकट झालं. खिडक्या आपटल्या, शेजाऱ्यांचे टॉवेल उडाले, आणि पाऊस आला. मी खिडकीत उभी राहिले, एका पायावर भार देऊन. सकाळी संपतचा फोन आला, मुद्दाम कातळ चढून केलेला. गारा पडल्या होत्या पण पाटीभर हिरडासुद्धा भिजला नव्हता. तो फार खुशीत होता. म्हणाला, आता उतरला आसंल ना तुजा गुडगा? मी म्हणाले, उतरला. उतरला नव्हता. रात्री तो आणखी सुजला होता, चहा करताना मी ओटा धरून उभी होते. पण पाऊस येऊन गेल्यावर गुडघ्याने गप्प बसायचं असतं, हे मला कुणी न शिकवता कळलं. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, उद्याचं काय म्हनतोय? मी म्हणाले, आईला विचारून सांगते. तो हसला, त्याला ती गंमत वाटली. मेच्या सुट्टीत जाऊन त्याला त्या कातळावर समोर बसवून सगळं सांगायचं असं मी ठरवलं आहे. पटेल न पटेल.

चार वाजता आईचा फोन आला. वस्तीवर लख्ख ऊन पडलंय, हिरडा परत पसरलाय, तात्या आज अंगणाच्या कडेला येऊन गेले, असं तिने सांगितलं. आणि बाकी बरं हाय, असं म्हणून ती फोन ठेवायला निघाली.

“आई,” मी म्हणाले, “आज तुजं काय दुकतंय?”

“आज?” तिला प्रश्न कळला नाही. “आज तर उघाड हाय.”

“म्हनूनच इचारते.”

तिने फोन पदराआड घेतला असावा, वाऱ्याचा आवाज कमी झाला. मग ती अगदी हळू आवाजात बोलली, खाली कातळावरच्या माणसांनी ऐकू नये अशी. “उजवा खांदा,” ती म्हणाली. “आन कंबर. आन त्यो काडलेला गुडगा बी, बाय, कदीमदी. न्हाई तितंच दुकतो.” मी म्हणाले, सांग. कसा दुखतो ते सांग. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी पलंगावरून खाली ठेवला आणि पाय लांब केला. तिने किटलीच्या दिवसापासून सुरुवात केली.